जोसेफिन टेचं 'द डॉटर ऑफ टाइम' : पलंगावर पडून केलेला तपास

तळ्यातमळ्यात

मंडळी, पाय मोडलाय. माझाच. जिन्याच्या शेवटी दोन पायऱ्या होत्या, मला वाटलं एकच आहे, संपलं. घोट्याचं हाड गेलं आणि सहा आठवडे प्लास्टर. दिवसभर पलंगावर उताणी. वर पंखा, पंख्याशेजारी वरच्यांच्या बाथरूमची ओल. ती ओल पहिल्या दिवशी बदकासारखी दिसायची, चौथ्या दिवशी तिचा ऑस्ट्रेलिया झाला, आता त्यात मला आमचे एक जुने शेजारी दिसायला लागलेत, चष्म्यासकट. भाच्याला म्हटलं, बाबा रे जुनं काहीतरी ब्रिटिश डिटेक्टिव्ह आण, ख्रिस्तीबाई सोडून, त्या पाठ झाल्यात. त्याने हे आणलं. उघडते तर पहिल्याच पानावर स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर अ‍ॅलन ग्रँट हॉस्पिटलात उताणा पडून छताच्या भेगा बघतोय! एकटीच जोरात हसले, पाय हलला, मग बोंबलले.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक १९५१चं. टेबाईंच्या ग्रँट मालिकेतलं 'फ्रँचाइज अफेअर' धरून पाचवं. एका चोराचा पाठलाग करताना ग्रँट झडपेतून खाली पडलाय, पाय मोडलाय, कंटाळलाय. त्याची मैत्रीण मार्टा हॅलर्ड नटी आहे, तिला माहितेय की याला माणसांचे चेहरे वाचायचा नाद आहे, म्हणून ती चित्रांचा एक गठ्ठा आणून देते. त्यातला एक चेहरा बघून ग्रँटला वाटतं हा न्यायाधीश असणार, नाहीतर मोठा जबाबदारीचा माणूस, तब्येतीने जरा पिचलेला. उलटून बघतो तर तिसरा रिचर्ड! म्हणजे शेक्सपिअरचा तो कुबडा, सख्ख्या पुतण्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये मारणारा. ग्रँटला धक्का बसतो की माझी नजर इतकी कशी चुकली, खुन्याला मी न्यायाधीशाच्या खुर्चीत कसा बसवला. आणि तिथून तो पडल्यापडल्या १४८३ सालच्या केसचा तपास सुरू करतो. प्रेत नाही, जागा नाही, साक्षीदार सगळे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेले.

रात्री दोनपर्यंत वाचलं आणि पटलं, रिचर्ड निर्दोष. सकाळी चहा पिताना पटेनासं झालं. नक्की कुठे पटेनासं झालं ते मला सांगता येत नाहीये. ज्यांनी वाचलंय त्यांनी बोला. आणि हो, यात रहस्यभेद बिनधास्त करा, साडेपाचशे वर्षं होत आली आता.

शब्दवेडी

तळ्यात ताई, आधी पायाची काळजी घ्या. आणि मग माझ्याकडून एक टाळी घ्या, माझं हे अत्यंत लाडकं पुस्तक आहे, तीनदा वाचलंय आणि एकदा डेरेक जेकोबीच्या आवाजात ऐकलंय (ते ऐकाच, डोळे मिटून पडायचं, तुम्हाला सध्या सोयीचं आहे). १९९० साली ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने आजवरच्या सर्वोत्तम शंभर रहस्यकथांची यादी केली होती त्यात हे पहिल्या नंबरवर होतं. पहिल्या! ज्या पुस्तकात डिटेक्टिव्ह पलंगावरून उठत पण नाही ते.

मला त्यातला इतिहास नंतर आवडला, आधी आवडलं ते हॉस्पिटल. त्या दोन नर्स, एकीला हा मनातल्या मनात मिजेट म्हणतो आणि दुसरीला अ‍ॅमेझॉन. उशाशी भेट आलेल्या कादंबऱ्यांचा ढीग आणि त्यातली एकही वाचायची इच्छा नाही. त्यावरची ती टिंगल, की हल्ली लोक नवीन पुस्तक मागतच नाहीत, 'नवा सायलस वीकली' मागतात, 'नवी लॅव्हिनिया फिच' मागतात, जसा नवा कंगवा मागावा. म्हणजे बाई स्वतः मालिका लिहितायत आणि मालिका लिहिणाऱ्यांनाच चिमटे काढतायत.

आणि तपासाची सुरुवात कशाने होते तर नर्सच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाने! मग थोडं जाड पुस्तक, मग त्याहून जाड, मग ब्रिटिश म्युझियममध्ये खेटे घालणारा ढगळ कोटातला तो अमेरिकन पोरगा, ब्रेंट कॅरडाइन. आपण एखादी गोष्ट गुगल करता करता रात्री तीनला भलत्याच पानावर पोचतो ना, तसं. फक्त इथे प्रत्येक पानासाठी एक माणूस पावसातून चालत जाऊन परत येतो.

कुंपणावरचा

मी साठाव्या पानावर सोडलं. प्रामाणिकपणे सांगतो. पहिला एडवर्ड कोण, चौथा कोण, पाचवा कोण, त्याचा भाऊ रिचर्ड, त्याचा काका पण रिचर्ड, आजोबा पण रिचर्ड, बायको एलिझाबेथ, मुलगी एलिझाबेथ. या लोकांकडे नावं संपली होती का? मी डिटेक्टिव्ह वाचतो ते ट्रेनमध्ये, विरारपासून चर्चगेटपर्यंत. या पुस्तकात अंधेरी यायच्या आत तीन एडवर्ड होऊन जातात. शिवाय कोणी कोणाला भोसकत नाही, कोणी खिडकीतून पळत नाही, नुसतं बोलतायत आणि सफरचंद खातायत.

तळ्यातमळ्यात

@कुंपणावरचा, माझंही तेच झालं होतं, म्हणून मी कालनिर्णयच्या मागच्या महिन्याच्या पानाच्या पाठीवर वंशावळ काढली. काढून देते, ट्रेनमध्ये न्या. यॉर्क घराण्यातला चौथा एडवर्ड राजा, तो एप्रिल १४८३ मध्ये मेला. त्याची दोन मुलं, मोठा पाचवा एडवर्ड, वय १२, धाकटा रिचर्ड, वय ९. हीच ती टॉवरमधली मुलं. त्यांचा काका रिचर्ड, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, तो पुतण्याच्या नावाने कारभार बघायला आला आणि जूनच्या शेवटी स्वतःच राजा झाला, तिसरा रिचर्ड. त्या उन्हाळ्यानंतर मुलं कोणाला दिसली नाहीत. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ला, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून गादीवर आला आणि त्याने लग्न कोणाशी केलं तर त्या मुलांच्या बहिणीशी. बस. एवढी माणसं पुरेत. बाकीचे एडवर्ड सोडून द्या, अंधेरीला उतरू द्या त्यांना.

नाना_वाडेकर

धागा बघून बरे वाटले. मी हे पुस्तक १९७८च्या सुमारास बँकेत असताना वाचले, एका साहेबांनी दिले होते आणि 'नाना, दोन दिवसांत परत' असे बजावले होते. एका रात्रीत संपवले. आता वयोमानाप्रमाणे थोडे फाटे फोडतो, राग मानू नये.

पुस्तकाचा कणा असा. रिचर्डविरुद्धची सगळी गोष्ट जगाला कळली ती सर टॉमस मोर या ट्यूडर काळातल्या विद्वान मंत्र्यामुळे (पुढे चर्चने त्यांना संत ठरवले), आणि मोरवरून पुढे शेक्सपिअरपर्यंत गेली. आता मोर जन्मला १४७८ला. रिचर्ड मेला तेव्हा हे संत महाशय सात वर्षांचे. म्हणजे पाहिलेले काही नाही, सगळे ऐकीव. ऐकले कोणाकडून? मोर पोरवयात ज्याच्या घरी होता तो जॉन मॉर्टन, जो रिचर्डचा हाडवैरी आणि हेन्रीच्या राज्यात आर्चबिशप झालेला. शेक्सपिअरच्या नाटकात रिचर्ड भर सभेत बिशपकडे त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेरी मागतो आणि थोड्याच वेळात लॉर्ड हेस्टिंग्जला मारायला धाडतो, ते स्ट्रॉबेरीचे बारकावे मोरकडून आलेत, आणि तो बिशप म्हणजे हाच मॉर्टन. ग्रँट पोलिसी डोक्याने म्हणतो की ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, मोरला बाद करा. इथपर्यंत मला शंभर टक्के मान्य.

दुसरा मुद्दा हेतूचा. १४८४ला पार्लमेंटने 'टिट्युलस रेजियस' नावाचा कायदा केला. त्यात म्हटले की चौथ्या एडवर्डने राणीशी लग्न करण्याआधीच दुसऱ्या एका बाईला, एलिनॉर बटलरला, लग्नाचे वचन दिले होते, सबब राणीचे लग्न बेकायदा आणि मुले अनौरस. मग अनौरस मुलांना रिचर्ड कशाला मारेल? उलट हेन्रीने आल्या आल्या हा कायदा न वाचताच रद्द करायला लावला आणि त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. का, तर त्याला मुलांच्या बहिणीशी लग्न करायचे होते आणि ती औरस हवी होती. पण बहीण औरस झाली की भाऊही औरस, म्हणजे गादीचे खरे वारस. हेतू रिचर्डचा नाही, हेन्रीचा! वाचताना इथे मी रात्री दीडला बायकोला उठवून सांगितले होते. तिने काय उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पण आता माझे आक्षेप. अनौरस ठरवलेला वारस निरुपद्रवी असतो हे काही खरे नाही. पार्लमेंटने आज अनौरस ठरवले ते उद्या औरस ठरवू शकते, आणि हेन्रीने तेच करून दाखवले की. पदच्युत राजा जिवंत ठेवणे किती धोक्याचे हे रिचर्डच्या पिढीने बघितलेले होते, सहावा हेन्री १४७१ला त्याच टॉवरमध्ये संपला. दुसरे म्हणजे डॉमिनिक मँचिनी. हा इटालियन माणूस १४८३ला लंडनमध्ये हजर होता आणि त्याच वर्षी त्याने लिहून ठेवले की मुले हळूहळू खिडक्यांतून दिसेनाशी झाली, आणि मोठ्याचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांत पाणी येई, त्याचा घात झाला असा संशय तेव्हाच होता. ही वही १९३४ला सापडली आणि १९३६ला छापली गेली. टेबाईंचे पुस्तक १९५१चे. आणि त्यांच्या पुस्तकात मँचिनी नाही! म्हणजे मोरला ऐकीव म्हणून हाकलायचे आणि जो खरोखर गावात होता त्याला बोलवायचेच नाही. वकिलाचे काम म्हणून उत्तम, तपास म्हणून कच्चे.

शब्दवेडी

नाना, राग कसला, पण टेबाईंच्या बाजूने एक. हेन्रीने रिचर्डवर पार्लमेंटमध्ये जो आरोपांचा कागद आणला त्यात जुलूम आहे, क्रूरपणा आहे, पण टॉवरमधल्या दोन राजपुत्रांच्या खुनाचा स्पष्ट उल्लेखच नाही. हातात इतकं मोठं हत्यार असताना वापरलं का नाही? याला कोणी मला अजून नीट उत्तर दिलेलं नाही. आणि मुलांची आई चर्चच्या आसऱ्यातून १४८४ला बाहेर आली, मुलींना रिचर्डच्या हवाली केलं. ज्याने माझी दोन मुलं मारली त्याच्या ताब्यात मी मुली देईन? कुठली आई देईल?

नाना_वाडेकर

शब्दवेडीताई, आई म्हणून तुमचा प्रश्न बिनतोड. राजकारणातली आई म्हणून मी थोडा थांबेन. जी मुले गेली ती गेली, पाच मुली जिवंत आहेत, त्यांची लग्ने व्हायची आहेत, आणि राजा हाच आहे. पण मान्य करतो, त्या आरोपपत्राचा मुद्दा माझ्याही घशात अडकतो.

खारीकखोबरं

सगळे रिचर्डवर बोलताय, मला टोनीपँडीवर बोलायचंय. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, ग्रँट आणि कॅरडाइन हा शब्द पूर्ण पुस्तकभर वापरतात. टोनीपँडी हे वेल्समधलं कोळसा खाणीचं गाव, १९१०ला तिथे संपकरी खाणकामगारांची दंगल झाली. ग्रँट म्हणतो की वेल्समध्ये लोक पिढ्यानपिढ्या सांगतात की चर्चिलने सैन्य पाठवून कामगारांवर गोळ्या झाडल्या, पण खरं तर लंडनचे बिनहत्यारी पोलीस गेले होते, हातात नुसते गुंडाळलेले रेनकोट, आणि रक्त सांडलं ते फार तर एखाददुसऱ्या नाकातून. मग असं काही खोटं असूनही सगळे जण खरं मानतात आणि ज्यांना माहितेय ते गप्प बसतात, त्याला हे दोघं 'टोनीपँडी' म्हणायला लागतात. कॅरडाइन लगेच बोस्टनचं तथाकथित हत्याकांड काढतो, म्हणजे अमेरिकेत ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेला तो गोळीबार. शब्द इतका चपखल की मी वाचल्यावर ऑफिसात वर्षभर वापरला, एचआरचा मेल आला की टोनीपँडी.

मग गेल्या वर्षी जरा शोधलं. तर टोनीपँडीत गोळीबार झाला नाही हे बरोबर, पण सैन्य आणून ठेवलं होतं, आणि पोलिसांच्या लाठ्या चालल्याच, सॅम्युअल रीस नावाचा एक खाणकामगार डोक्याला मार लागून मेला. नाकातलं रक्त काय! म्हणजे टोनीपँडी या विषयावर टेबाईंनी स्वतःच एक टोनीपँडी करून ठेवलीय. मी हे वाचलं तेव्हा इतकी फसवल्यासारखी झाले की दोन दिवस पुस्तकाकडे बघितलं नाही. आणि गंमत बघा, इंग्रजीत तो रेनकोट 'मॅकिंटॉश' आहे आणि बाईंचं खरं नाव काय, एलिझाबेथ मॅकिंटॉश. इन्व्हर्नेसच्या. स्वतःचं आडनाव पोलिसांच्या हातात गुंडाळून दिलंय.

कुंपणावरचा

हे रेनकोटचं भारी आहे. एवढ्यासाठी परत उघडतो पुस्तक. कालनिर्णयवाला कागद पाठवा ताई.

मधलीसुट्टी

नवीन आहे इथे, चुकलं तर सांगा. वाचताना मला सारखं आपलं 'काका मला वाचवा' आठवत होतं. काकाच, पुतण्याच, गादीच, वाडाच. १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे. 'ध' चा 'मा' ही पण टोनीपँडीच का?

नाना_वाडेकर

स्वागत आहे. काका-पुतण्या सोडले तर तुलना बसत नाही. नारायणरावांचा खून भरदिवसा वाड्यात झाला, प्रेत होते, मारेकरी गारदी कोण ते गावाला ठाऊक होते, रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले. टॉवरमध्ये यातले काहीच नाही, ना प्रेत, ना चौकशी, ना रामशास्त्री. 'ध' चा 'मा' म्हणाल तर मी लहानपणापासून ऐकतोय, पण तो खाडाखोड केलेला कागद डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

तुम्हाला आपल्याकडचे खरे जुळणारे उदाहरण हवे असेल तर ते संभाजी महाराजांचे. महाराज गेले १६८९ला. त्यांना व्यसनी, बेफिकीर ठरवणारी मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनी देहदंड दिलेला. मोर आणि मॉर्टन एकाच माणसात! नाटके-कादंबऱ्यांनी तेच उचलले, ते वा. सी. बेंद्र्यांनी १९६०ला अस्सल कागद लावून चरित्र लिहीपर्यंत. बेंद्र्यांना याला चाळीस वर्षे लागली, ग्रँटचे प्लास्टर निघायच्या आत उरकते हा फरक.

खारीकखोबरं

नाना प्लीज, मुद्दा एकदम मान्य, पण हा विषय इथेच ठेवूया, नाहीतर उद्या सकाळी तीनशे प्रतिसाद आणि रिचर्ड कुठेच नाही.

नाना_वाडेकर

ठेवला.

लेस्टरची_चिमणी

मी आता लिहिलंच पाहिजे, कारण मी लेस्टरला राहते आणि रिचर्ड आमच्या गावच्या कार पार्कमधून निघाला. खरंच. ऑगस्ट २०१२ला समाजकल्याण खात्याच्या पार्किंगमध्ये खणायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. त्याच जागी आधी ग्रेफ्रायर्स नावाचा मठ होता, बॉसवर्थहून प्रेत आणून तिथे घाईघाईत पुरलं होतं. फेब्रुवारी २०१३ला युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की हाच तो. बहिणीच्या वंशातल्या लोकांशी डीएनए जुळवला, त्यातला एक जण लंडनमध्ये फर्निचर बनवणारा सुतार, आणि पुढे राजाची शवपेटीही त्यानेच बनवली. सोळा-सतरा पिढ्यांनंतर मामाची पेटी भाच्याने रंधली. मला हे टेबाईंच्या पुस्तकापेक्षा जास्त हलवून गेलं.

आता पुस्तकाशी संबंध. सापळ्याचा कणा एका बाजूला सापासारखा वळलेला होता, म्हणजे एक खांदा वर असणारच. पण कुबड नाही, वाळलेला हात नाही, दोन्ही हात धड. म्हणजे ट्यूडरवाले अर्धे खरे आणि रिचर्डवाले अर्धे खरे. पुस्तकात ग्रँटचे डॉक्टर चित्र बघून म्हणतात ना की याला लहानपणी पोलिओ झाला असेल? पोलिओबिलिओ काही नाही. कवटीवर मात्र नऊ घाव. वय ३२. मार्च २०१५ला कॅथीड्रलमध्ये परत पुरला तेव्हा मी रांगेत उभी होते, ज्या रस्त्यावर एरवी भाजी घेते तिथे लोक पांढरे गुलाब घेऊन उभे, माझ्यापुढची एक गुजराती मावशी मला विचारते, 'कोण गेलं?' मी म्हटलं राजा. म्हणाली, 'कधी?' मी म्हटलं १४८५ला. तिने माझ्याकडे असं बघितलं...

खड्डा अजून आहे, वर काच लावलीय, म्युझियममध्ये त्याच्यावर उभं राहून खाली बघता येतं. इतका छोटा आहे. मान वाकडी करून कोंबावं लागलं होतं त्याला, खड्डा कमी पडला म्हणून.

शब्दवेडी

चिमणे, काटा आला. पण मुलांचं काय? ती हाडं?

लेस्टरची_चिमणी

ती वेगळी. १६७४ला टॉवरमध्ये जिन्याखाली एका पेटीत दोन मुलांची हाडं सापडली, दुसऱ्या चार्ल्सने ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ठेवली. १९३३ला एकदा उघडून तपासली, त्यानंतर नाही. डीएनए करा म्हणून लोक मागे लागलेत पण परवानगी मिळालेली नाही. म्हणजे राजपुत्रांची की दुसऱ्या कोणाची हेच ठरलेलं नाही.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं, वेळच वेळ आहे. आणि काल दुपारी मला सापडलं की सकाळच्या चहाला मला पटेनासं का झालं.

चेहरा. सगळा तपास उभा आहे तो त्या चेहऱ्यावर. पहिल्या प्रकरणात ग्रँट चित्र बघतो आणि ठरवतो की हा माणूस खून करणार नाही. बाकी सगळे पुरावे नंतर. हाताखालचा सार्जंट विल्यम्स येतो, तो पण म्हणतो आरोपीच्या पिंजऱ्यात नाही, न्यायाधीशाच्या जागी बसवीन. आपणही मान डोलावतो. पण नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं ते चित्र, करंगळीतल्या अंगठीशी चाळा करणारा तो माणूस, ते चित्र काढलंय कधी? सोळाव्या शतकाच्या शेवटी! रिचर्ड मरून शंभर वर्षं झाल्यावर, कोणत्यातरी जुन्या चित्रावरून, कोणी काढलं तेही माहीत नाही. मोर निदान सात वर्षांचा होता, चित्रकाराचा तर बहुतेक आजोबा पण जन्मायचा होता. मोर ऐकीव म्हणून बाद, आणि चित्र? ते तर ऐकीवाचं ऐकीव. त्यावरून बाई आख्ख्या राजाला सोडून देतात आणि मी रात्री दोनपर्यंत त्यांच्या बाजूने!

आणि ही बाईंची जुनीच खोड आहे. भाच्याने मागोमाग 'फ्रँचाइज अफेअर' आणलं, त्यात डोळ्यांच्या निळ्या रंगाच्या एका छटेवरून मुलीच्या चारित्र्याचा निकाल लावतात. कुठल्याही वकिलाने लावला तर आपण त्याला फाडून खाऊ.

खारीकखोबरं

ग्रँटचं पहिलं पुस्तक, 'द मॅन इन द क्यू', १९२९चं, ते वाचू नका मग. थिएटरच्या रांगेत माणसाला सुरा मारतात, सुरुवात फक्कड, पण ग्रँट संशयिताला ज्या शब्दांनी उल्लेखतो, भूमध्य समुद्राकडचा सावळा, म्हणजे भडक डोक्याचा, म्हणजे सुरा, अशी सरळ गाडी. मी सावळी आहे आणि माझ्याकडे भाजी चिरायचा सुरा पण आहे, तर मग झालंच. मला वाटतं चेहऱ्यावरून माणूस कळतो हे त्यांना मनापासून वाटायचं. रिचर्डला त्याचा फायदा झाला, सगळ्यांना होत नाही.

शब्दवेडी

हे दोन्ही खरं आहे आणि तरी मी चौथ्यांदा वाचणार. कारण शेवट आठवा. कॅरडाइन उड्या मारत येणार होता, तो तोंड पाडून येतो, की आपण शोधलं ते सगळं आधीच लोकांनी शोधलंय. सतराव्या शतकात बकने लिहिलं, १७६८ला होरेस वॉलपोलने लिहिलं, १९०६ला मार्कहॅमने लिहिलं. आणि शाळेतलं पुस्तक तेच आहे! पोराचा तो पडलेला चेहरा मला खुनाच्या उलगड्यापेक्षा जास्त लक्षात राहिलाय. कुठल्या डिटेक्टिव्ह कादंबरीत शेवटी असं निघतं की केस तीनदा सुटून झालीय आणि कोणालाच फरक पडला नाही?

आणि एक, बाई गेल्या फेब्रुवारी १९५२मध्ये, हे पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच. आजारपण जवळच्यांना पण कळू दिलं नव्हतं. पुस्तकांचं उत्पन्न नॅशनल ट्रस्टला. शेवटचं ग्रँटचं पुस्तक, 'द सिंगिंग सँड्स', त्यांच्या मागे छापलं गेलं. त्यात ग्रँट पलंगावरून उठलाय पण बंद डब्यात बसला की जीव घाबरतो, म्हणून सुट्टी घेऊन स्कॉटलंडला जातो. तळ्यात ताई, प्लास्टर निघालं की ते घ्या.

नाना_वाडेकर

चित्राचा मुद्दा मला पंचेचाळीस वर्षांत सुचला नाही. साष्टांग. त्या साहेबांना फोन करून सांगतो, ते हयात आहेत, ब्याण्णव वर्षांचे, आणि रिचर्डच्या बाजूचे कट्टर.

तळ्यातमळ्यात

नाना, काय म्हणाले ते कळवा.

इकडची खबर म्हणजे परवा प्लास्टर निघतंय. आणि वरच्यांनी अखेर प्लंबर आणला, सोमवारी रंगारी येणार, म्हणजे छतावरचे शेजारी जाणार. काल भाच्याला पलंगावर माझ्या जागी आडवं पाडलं आणि विचारलं, नीट बघ, कुठला चेहरा दिसतो, स्वभावाने कसा वाटतो. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, मावशी, वायरिंगपर्यंत गेलंय पाणी, पंखा लावू नकोस.

कुंपणावरचा

पान ९१, दादर. एडवर्ड मेला. कुठला ते बघून सांगतो.